मामी आली
(अनुताई वाघ यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



अनुताईंच्या आठवणीसाठी जमायचं तर बोलणं बालवाडीबद्दलच हवं. आणि आज बालवाडीबद्दल बोलायचं तर पालकांचा एक प्रश्न टाळता येत नाही. शाळा सुरू होऊन चार आठवडे झाले की तो येतोच. "ताई, याची वही अजून कोरीच कशी?" विचारणारी आई ज्युनियर केजीच्या दारात उभी असेल किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर, काळजी सारखीच असते. शेजारच्या मुलाची चार वह्या भरून एबीसीडी झाली, आपला मागे पडला. मी या आईला नावं ठेवणार नाही. मुलाचं शिक्षण पुढे सरकतंय याचा तिच्या हातात येणारा पुरावा वही एवढाच असतो. मूल आज गोष्ट ऐकताना पुढचं वाक्य आधीच बोललं, हे वहीत उमटत नाही.

पण वाचनाची सुरुवात कानात होते, असं मला आज सांगायचं आहे. आणि मराठीच्या बाबतीत तर कान आपल्याला फार नेमकं काही सांगत असतो. तो काय सांगतो ते आपण ऐकलेलं नाही, म्हणून आपली बरीचशी पहिली वाचनपुस्तकं गेली कित्येक वर्षं उलट्या टोकाने सुरू होतात.

आधी थोडं अनुताईंविषयी. लहानपणी लग्न झालेली आणि लहानपणीच विधवा झालेली ही मुलगी पुढे शिकली, पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाली आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेली. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करत होत्या. ते बालमंदिर १९२० साली सुरू झालं होतं आणि त्याच्यामागे माँटेसरींचा विचार होता. बोर्डीहून बालवाडीचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये गेलं. मुलं येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात भरवायची. मोठी मुलं गुरं घेऊन कुरणावर असतात, तर शाळा कुरणावर न्यायची. माँटेसरींची साधनं महागडी आणि परदेशी वळणाची, तर त्यांची कामं शंखशिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी, पानांनी भागवायची. हे सगळं आपण दरवर्षी कौतुकाने सांगतो. साधनं बदलली हे ठीकच, पण त्या दोघींकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. बाहेरून आलेली पद्धत त्यांनी आपल्या मुलांसमोर ठेवून तपासली आणि जिथे बसेना तिथे मोडली.

तीच तपासणी वाचनाच्या बाबतीत पूर्ण व्हायची राहिली, असं मला वाटतं.

माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह काढलं. खरखरीत कागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवायची, मुलाने त्यावरून बोट फिरवायचं आणि त्याच वेळी ध्वनी म्हणायचा, ही त्यांची युक्ती. ती इटालियनमध्ये चालली, कारण तिथे एका ध्वनीला बहुतेक एकच खूण आहे आणि खुणांची संख्या विसाच्या आसपास. मुलं काही महिन्यांत लिहायला आणि मग आपोआप वाचायला लागली. आपण ती अक्षरं देवनागरीत कापली. क, ख, ग, घ. पण क ही क् या ध्वनीची खूण नाही, त्यात अ मुरलेला आहे. काना लावला की तो अ जातो. शब्दाच्या शेवटी आला की काना न लावताही जातो. आणि चौतीस व्यंजनांना बारा रूपं धरली तर बाराखडीच चारशे आठ घरांची होते, जोडाक्षरं अजून दारातच उभी आहेत. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला. कन्नडची लिपीही आपल्याच घराण्यातली, मात्रा-वेलांट्यांची. तिथे मुलांचं अक्षरज्ञान चौथीपर्यंत वाढतच राहतं असं त्यांना दिसलं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं मुलं पहिल्या वर्षात उरकतात, मग आपली का नाही, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. काम मोठं आहे, त्याला वेळ लागणार. बालवाडीच्या वर्षांत ते संपवायचा हट्ट धरला तर एवढंच होईल की मूल चारशे आठ घरं सुरात म्हणेल आणि एक ओळ वाचणार नाही.

आता कानाकडे येते.

१९७४ साली अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. मुलाच्या हातात लाकडाची छोटी काठी द्यायची, एक शब्द म्हणायचा, आणि शब्दाचे जितके तुकडे ऐकू येतील तितके ठोके टेबलावर मारायला सांगायचं. काही मुलांना सुटे ध्वनी मोजायचे होते, काहींना उच्चाराचे घास, म्हणजे एका झटक्यात तोंडातून येणारे तुकडे. चार वर्षांच्या मुलांपैकी सुटे ध्वनी एकालाही मोजता आले नाहीत. घास मात्र जवळजवळ निम्म्या मुलांना मोजता आले. पहिलीच्या अखेरीस, म्हणजे वाचायला लागल्यावर, ध्वनी मोजणारी मुलं सत्तर टक्के झाली आणि घास मोजणारी नव्वद टक्के. पुढे पोर्तुगालमध्ये निरक्षर प्रौढांवर काम झालं, तेव्हा दिसलं की शब्दातला पहिला सुटा ध्वनी काढून टाकणं मोठ्या माणसांनाही, वाचता येत नसेल तर, फार जड जातं. सुटा ध्वनी ऐकू येणं हे मुख्यतः वाचायला शिकण्याने येतं. घास मात्र मुलाला शाळेत येण्याआधीपासून ऐकू येतो.

मराठी मुलाचं नशीब इथे चांगलं आहे. आपली लिपी घासांच्या जवळची आहे. 'मामा' म्हणताना तोंडातून दोन तुकडे येतात आणि कागदावरही दोनच दिसतात. त्यामुळे 'क्-अ-म्-अ' अशी फोड करून मराठी शिकवणारे फोनिक्सचे वर्ग पाहिले की मला हसू येतं आणि नंतर काळजी वाटते. इंग्रजीला त्या पद्धतीची गरज आहे, कारण तिथे लिपी ध्वनीची आहे. सहा-सात वर्षांच्या मराठी मुलाला नंतर कधी व्यंजन आणि स्वर वेगळे ऐकवायला हरकत नाही, काना-वेलांटीमागचा नियम समजायला ते लागतंच. पण चौथ्या वर्षी त्या दाराने आत नेण्यात काय अर्थ आहे?

मात्र आपलं नशीब पूर्ण सरळही नाही. बालवाडीत टाळ्यांचा खेळ सगळ्या ताई घेतात. शब्द म्हणायचा, प्रत्येक तुकड्याला टाळी. 'केळी', दोन टाळ्या. 'टोपी', दोन. मग येते 'चिमणी'. मुलं दोन टाळ्या वाजवतात: चिम, णी. आणि ताई म्हणतात, "नाही, नीट ऐका, चि-म-णी, तीन." हा प्रसंग मी इतक्या वर्गांत पाहिला आहे की तो आता नियमच वाटतो. नीट ऐकलेलं असतं मुलांनी. ताईंच्या कानात लिहिलेला शब्द शिरून बसला आहे, म्हणून त्यांना तीन ऐकू येतात. 'भोपळा' म्हणून बघा, भोप-ळा. 'पोपट', पो-पट. 'कमळ', क-मळ. 'घर' तर एकाच घासात संपतं. बोलताना मधला किंवा शेवटचा अ आपण गिळतो, आणि कागदावर मात्र त्याची जागा भरलेली राहते.

इथून आता आपल्या अंकलिप्या आणि पहिली पुस्तकं उघडा. पहिले धडे पुष्कळदा कसले असतात? बिनकाना-मात्रेच्या शब्दांचे. समजूत अशी की काना नाही, वेलांटी नाही, म्हणजे सोपं. मग 'मगन, गवत बघ. रमण, वर चढ' अशा थाटाची वाक्यं, जी मी आत्ता उभ्या उभ्या रचली आणि तुम्हाला ओळखीची वाटली असतील. जगात कुठलाही माणूस अशी भाषा बोलत नाही. पण भाषेचा कोरडेपणा बाजूला ठेवू. अडचण त्याहून खोल आहे. मूल 'क… म… ळ…' असं वाचतं. तीन अक्षरं बरोबर. ताई विचारतात, "मग काय झालं?" मूल गप्प. शेजारी चित्र असेल तर 'कमळ' म्हणेल, नसेल तर पुन्हा 'क… म… ळ…'. कारण ही तीन अक्षरं एकापुढे एक ठेवून 'कमळ' होत नाही. शेवटचा अ टाकावा लागतो, आणि तो टाकायचा हे मुलाला कागद सांगत नाही. हे कळायला शब्द आधी ओळखावा लागतो, म्हणजे वाचायला शिकण्याआधी वाचता यायला हवं. 'मामा' हा शब्द मात्र स्वतःहून जुळतो. 'मा… मा…' जरा भरभर म्हटलं की झालं.

म्हणजे काना आपण ज्याला अवघड म्हणून पुढे ढकलला, तो खरं तर सोपा. बिनकान्याचे शब्द ज्यांना सोपे म्हणून आधी घेतले, ते नंतर यायला हवेत. लिहिणाऱ्या हाताला 'कमळ' सोपं असेल. वाचणाऱ्या कानाला 'मामा' सोपा आहे.

मग सुरुवात कशी करावी? म, क, ल अशी तीन व्यंजनं घ्या, एक आ घ्या, काना आणि दुसरी वेलांटी घ्या. एवढ्या सामानात मामा, मामी, काका, काकी, काला, आला, आली होतात. आणि लगेच वाक्य होतं: मामी आली. काका आला. ही वाक्यं घरात खरोखर बोलली जातात. मामी आली म्हणजे खाऊ आला, तिची मुलं आली, रात्री गर्दीत झोपायचं आलं. ते वाचून मूल मान वर करून ताईंकडे बघतं आणि सांगतं, "आमची मामी पण येते." मग थोडी अक्षरं वाढवायची, पुन्हा नवी वाक्यं करायची. अक्षरगटांची ही वाट माझ्या शोधाची नाही. आपल्याकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनावर केलेलं काम असेल किंवा वाडा तालुक्यात आज चाललेलं काम असेल, त्यातून ती बरीच मळलेली आहे. मी फक्त तिच्यात कान्याचं स्थान आणखी अलीकडे ओढते आहे.

दुसरी वेलांटी आधी आणि पहिली मागाहून, असं का म्हणते? पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते आणि उच्चारात मागून येते. ज्या मुलाला आत्ताच कुठे डावीकडून उजवीकडे जायचं कळलंय, त्याला 'कि' म्हणजे आधी दिसलेलं नंतर म्हणा. ऱ्हस्व-दीर्घाचा क्रम व्याकरणाचा आहे, मुलाच्या डोळ्याचा नाही. तसंच ब आणि व एका आठवड्यात दाखवू नका. घ-ध, भ-म, ड-ङ, ट-ठ-ढ या जोड्या लांब लांब ठेवा. क-ख-ग-घ-ङने सुरू होणारा वर्णमालेचा क्रम पूर्वजांनी कंठापासून ओठांपर्यंत जिभेच्या जागा पाहून लावला, आणि त्या शास्त्रापुढे मी हात जोडते. पण तो ज्याला अक्षरं येतात त्याच्यासाठी लावलेला आहे. ङ घेऊन चार वर्षांच्या मुलाने करायचं काय? आणि 'ण बाणाचा' म्हणताना ण शब्दाच्या शेवटी आहे, हे कोणी त्याला सांगतं का? मधेच एक बारीकशी तक्रार: संगणकावर छापलेल्या तक्त्यांत ल हिंदी वळणाचा येतो आणि ताई फळ्यावर पाकळ्यांचा ल काढतात. मुलाला दोन्ही एकच अक्षर आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं.

इथपर्यंत अक्षरांचं झालं. पण मी इथेच थांबले तर माझा अर्धा मुद्दा तुम्ही घरी न्याल, आणि तो अर्धा धोक्याचा आहे.

१९८६ साली गफ आणि टनमर या दोघांनी वाचनाचं एक छोटं गणित मांडलं. अक्षरं उलगडण्याची ताकद गुणिले भाषा समजण्याची ताकद. गुणिले, अधिक नव्हे. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षं माग ठेवला. वर्गातला वेळ बहुतेक नकलून काढण्यात आणि सामूहिक म्हणण्यात जात होता, अर्थ मागे राहत होता. म्हणून बालवाडीतलं मोठं काम दुसऱ्या बाजूचं आहे: गोष्ट, गाणं, गप्पा, आणि पुस्तक वाचून दाखवणं. वाचून दाखवणं म्हणजे तोंडी गोष्ट सांगणं नव्हे. दोन्ही हवीत, पण पुस्तकाचं काम वेगळं. मुलांना पानं दिसतील असं पुस्तक धरायचं, ओळीखालून बोट न्यायचं, छापलेले शब्द जसेच्या तसे म्हणायचे, तेच पुस्तक पुन्हा पुन्हा घ्यायचं. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं की पुस्तक कुठून उघडायचं, ओळ कुठून कुठे जाते, शब्द कुठे सुटतो हेही शिकावं लागतं. आपल्याला ते जन्मजात वाटतं. ज्या घरात छापील कागद पुड्या बांधायलाच येतो, तिथलं मूल हे कुठून शिकणार? माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्या. त्यात आई, बाबा, आजी, आजोबा आहेत आणि कुणी उपदेश करत नाही. दहाव्यांदा वाचलं तरी मुलं ऐकतात. मग एखादं मूल पुस्तक मांडीवर घेऊन, पानं उलटत, पाठ झालेलं मोठ्याने म्हणत बसतं. त्याला "खोटं वाचतोस" म्हणू नका. ते वाचनातच आहे.

आणि मुलाचे स्वतःचे शब्द. सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या बाई न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवत. शाळेची इंग्रजी पुस्तकं त्या मुलांना परकी. बाई रोज सकाळी एकेका मुलाला विचारायच्या, आज तुला कुठला शब्द हवा? मूल म्हणायचं भूत, म्हणायचं बाबा. तो शब्द पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. तो शब्द त्याचा. १९६३ साली त्यांचं 'टीचर' हे पुस्तक आलं. आपल्या वर्गात याचा सगळ्यात स्वस्त अवतार म्हणजे नावांची हजेरी. प्रत्येकाच्या नावाची पट्टी, सकाळी आलं की आपली उचलून खिशात टाकायची. आजची नावं बघा: श्रेया, आर्या, शौर्य, त्रिशा. पाठ्यपुस्तकात जोडाक्षर कधीतरी वर्षाच्या शेवटी येतं, पण श्रेयाला 'श्र' साडेतीन वर्षांची असताना ओळखता येतो आणि शेजारची मुलगी तिची पट्टी चुकून उचलते तेव्हा ती भांडते. अवघड काय हे मुलाच्या दृष्टीने ठरतं.

घरची भाषा हा विषय खरं तर स्वतंत्र व्याख्यानाचा, इथे धावताच. मालवणी घरातली मुलगी 'चेडू' म्हणते, चित्राखाली 'मुलगी' असतं. अहिराणी, वऱ्हाडी, वारली, सगळीकडे हेच. ताईने 'चेडू' ऐकून घ्यायचा, वापरायचा, आणि मग 'मुलगी' शेजारी ठेवायचा. पुसून टाकायचा नाही. कोसबाडला वारली मुलांशी काम करताना हे टाळता येण्यासारखं नव्हतंच.

आता एका दुसऱ्या बाजूच्या लोकांशी मला वाद घालायचा आहे, आणि ते माझे मित्र आहेत. ते म्हणतात, सहा वर्षांपर्यंत अक्षर दाखवूच नका, मुलाला खेळू द्या. मी वहीविरुद्ध त्यांच्या बाजूला आहे. चार वर्षांच्या बोटांना पेन्सिल चार रेघांत बसवायला लावणं हा छळ आहे, बोटांना माती, कात्री, रांगोळी, चिंचोके द्या. पण अक्षर हेही मुलाच्या जगातलंच आहे. एसटीच्या पाटीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, दुकानाच्या फळीवर ते रोज दिसतं आणि मूल विचारतं, "इथे काय लिहिलंय?" उत्तर न देणं ही कसली मोकळीक? शिवाय 'अक्षर नंतर' हे सांगणं ज्या घरात कपाटभर पुस्तकं आहेत तिथे परवडतं. तिथलं मूल घरीच शिकून येतं. ऊसतोडणीला गेलेल्या आईबापांच्या मुलाला बालवाडीत अक्षर दिसलं नाही, तर ते थेट पहिलीच्या फळ्यावर, चाळीस मुलांमागून दिसतं.

सरकारी बाजूबद्दल थोडंच बोलते. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यातली अंगणवाडीताई आहार शिजवून घेते, वजन-उंची घेते, लसीकरणाला बोलावते, मोबाइलवर नोंदी भरते, आणि या सगळ्याच्या फटीत शिकवते. २०२१ ला निपुण भारत हे अभियान आलं. त्याचं लक्ष्य तिसरीच्या अखेरीस समजून वाचता येण्याचं आहे, आणि ते योग्यच आहे. पण लक्ष्य खाली झिरपताना काय होतं ते मी पाहते: तिसरीचं ओझं दुसरीवर, दुसरीचं पहिलीवर, आणि शेवटी चार वर्षांच्या मुलाची अक्षरओळखीची तोंडी परीक्षा. ताईंच्या हातात एवढ्या कामांतून दिवसाचा अर्धा तास खरोखर मोकळा राहत असेल, तर माझी मागणी आहे की त्यातला बराचसा पुस्तक वाचून दाखवायला आणि मुलांचं बोलणं ऐकायला जावा, उरलेल्यात टाळ्यांचा खेळ आणि एखादं अक्षर.

त्यासाठी पुस्तकं लागतात. बऱ्याच ठिकाणी ती असतात, पण फाटतील म्हणून कपाटात कुलूपबंद. फाटलेली पुस्तकं हिशेबात खर्ची टाकायची लेखी परवानगी ताईंना वरून मिळायला हवी, एवढा एक कागद निघाला तरी पुष्कळ कपाटं उघडतील. आणि पहिलीच्या शिक्षकांना विनंती: जूनमध्ये पुन्हा 'अ'पासून सुरुवात करण्याआधी बालवाडीताईंशी तासभर बोला. कुठल्या मुलाला कुठली गोष्ट पाठ आहे, कुणाला किती अक्षरं येतात, कोण घरी काय बोलतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. आज त्या दोघींची गाठ बहुतेक गावांत पडतच नाही, दोन खाती वेगळी म्हणून.

माझी वेळ संपली आहे. टाळ्यांच्या खेळाबद्दल ताईंना काही विचारायचं असेल तर मी पुढच्या रांगेत बसते आहे. तुमच्या गावाकडचे शब्द घेऊन या, 'चिमणी'सारखे आणखी हवे आहेत.